ब्लॉक केलेल्या माणसाला आपला मजकूर दिसावा का?

सुरंगी (वेंगुर्ले): घरी केलेले कोकम आगळ, आंबापोळी आणि कुळथाचे पीठ मी इन्स्टाग्राम व एक्सवरून विकते. प्रत्येक पोस्टखाली अचकटविचकट लिहिणाऱ्या एका इसमाला मी दोन्हीकडे ब्लॉक केले. मात्र एक्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून, खाते सार्वजनिक असेल तर ब्लॉक झालेल्याला उत्तर देता येत नसले, तरी पोस्ट वाचता येतात. दुसऱ्या खात्यावरून तो वाचणारच, मग लपवण्याचा आव कशाला, असे या बदलाचे समर्थन केले जाते. ते आपणांस पटते का? खाते खासगी करावे, तर नवे गिऱ्हाईक येणार कुठून?

कातळ (राजापूर): समर्थन तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असले, तरी व्यवहारात पोकळ आहे. उडी मारून आत येता येते म्हणून कोणी आगराचा गडगा पाडत नाही. त्रास देणारे बरेच जण चिकाटीचे नसतात. नवा ईमेल, नवे खाते, पुन्हा लॉगिन एवढ्या खटाटोपातच त्यांचा जोर ओसरतो. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये ब्लॉक करतानाच त्या व्यक्तीची पुढे उघडली जाणारी खातीही रोखण्याचा पर्याय दिला, तो याच विचाराने. एक्सच्या मालकांनी तर ऑगस्ट २०२३ मध्ये थेट संदेश वगळता ब्लॉकची सोयच काढून टाकण्याचे जाहीर केले होते. त्रासदायक वापरकर्त्याला ब्लॉक करण्याची सोय असलीच पाहिजे, अशी ॲपलच्या ॲप स्टोअरची अट आहे, हे तेव्हाच अनेकांनी दाखवून दिले.

खाजण (मालवण): सुरंगीताईंच्या बाबतीत मी सहमत आहे, परंतु ब्लॉक करणाऱ्याच्या हातात किती सत्ता द्यावी, हाही प्रश्न आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२२ मध्ये ब्लॉक कडक केल्यावर, शेवटचे उत्तर देऊन लगेच समोरच्याला ब्लॉक करायचे आणि त्याचे तोंड बंद करायचे, ही युक्ती रूढ झाली. आमच्याकडे पर्ससीन आणि एलईडी मासेमारीवरून फेसबुक ग्रुपवर वाद पेटतो, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना ब्लॉक करतात आणि अर्धी चर्चा अर्ध्या लोकांना दिसेनाशी होते. स्वतःच्या पानावर ब्लॉक पूर्ण असावा, पण सामाईक चर्चेत त्याने फक्त परस्परांचा थेट संपर्क तोडावा.

गलबत (देवगड): व्हॉट्सअ‍ॅपची रीत जवळपास तशीच आहे. ब्लॉक केल्यावर फोन, संदेश आणि स्टेटस थांबतात, मात्र वाडीच्या ग्रुपमध्ये दोघांनाही एकमेकांचे लिखाण दिसतच राहते. तेथे आवर घालणे ॲडमिनचे काम. (आमचे ॲडमिन मुंबईला असतात आणि गणपतीलाच जागे होतात, तो भाग वेगळा.)

जत्रेत ज्यांचे तोंड पाहावेच लागते, अशांसाठी इन्स्टाग्रामचे २०१९ पासूनचे ‘रिस्ट्रिक्ट’ बरे: त्याची टिप्पणी, तुम्ही मंजूर करेपर्यंत, त्याची त्यालाच दिसते आणि त्याला पत्ताही लागत नाही. तो इसम खरोखर पाळतीवर असेल, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तिथे त्याने कोणत्या खात्यावरून पाहिले याला महत्त्व नाही.

सुरंगी (वेंगुर्ले): आभारी आहे. त्याचा ब्लॉक कायम ठेवते आणि एक्सवर यापुढे फक्त मालाचे फोटो टाकते, घराचे व अंगणाचे नाहीत. रिस्ट्रिक्ट मात्र एका दूरच्या दिरांसाठी आजच वापरणार आहे.