मदत हवी आहे: डेंग्यूच्या इशाऱ्यावर सोसायटीत नुसते अंगठे

सिडकोकर
नाशिकचं सिडको, ४८ फ्लॅट. "पुढचे काही आठवडे डेंग्यूला पोषक" हा इशारा ग्रुपवर तीनदा टाकला. 👍 सोडून काही नाही. एकजण म्हणे, मागेही टाकला होतात, काय झालं? रविवारी सभा आहे. नोटीस कशी लिहू? लवकर सांगा.

गोदातीर
इशारा कुणाचा? तारीख होती? गच्चीवर काय काय आहे?

धुरंधर
धूरफवारणी करून घ्या. धूर दिसला की लोकांना पटतं.

अळीशोधक
तोच तर घोळ. धुराने उडते डास मरतात, पाण्यातली अळी जिवंत राहते. वर लोक निर्धास्त होतात.

सिडकोकर
फॉरवर्ड होता, कुणाचा ते माहीत नाही. ६ टाक्या, दोन झाकणं फुटकी. पार्किंगमध्ये टायर.

अळीशोधक
हे आधी सांगायचं ना! निनावी फॉरवर्डवर कोण हलेल? आणि "पोषक" वाचून माणसाने करायचं काय? नोटिशीत काम आणि वेळ लिहा: "रविवारी १० वाजता कूलर, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली रिकामी करून घासा." घासा हा शब्द हवाच. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काठाला चिकटतात, कोरडी असली तरी महिनोन्महिने टिकतात. अंड्याचा डास व्हायला ७ ते १० दिवस, म्हणून दर रविवारी.

हवामानवेडा
"काय झालं?"ला उत्तर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा पुण्यातल्या डेंग्यूवरचा २०२५चा अभ्यास बघा: सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के, पाऊस बेताचा पण हंगामभर सारखा पसरलेला, की रुग्ण वाढतात. आठवड्यात १५० मिमीच्या वर कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात. इशारा म्हणजे शक्यता, भविष्य नव्हे.

गोदातीर
ते आकडे पुण्याचे. नाशिकला जसेच्या तसे लावू नका.

हवामानवेडा
लावत नाहीये. मुद्दा इतकाच की जास्त पाऊस म्हणजे जास्त डेंग्यू, असं सरळ गणित नाही.

पानफूल
पपईच्या पानांचा रस सुरू करा, प्लेटलेट वाढतात म्हणे.

गोदातीर
विचारलंय कुणी? ताप आलाच तर पहिल्या ५ दिवसांत एनएस१ ही रक्ततपासणी, नंतर आयजीएम. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

अळीशोधक
मूळ प्रश्नावर या. सभेआधी टॉर्च घेऊन घरोघरी बघा. ४८ पैकी समजा ६ घरांत अळी सापडली, तर साडेबारा टक्के. तो आकडा लिफ्टपाशी लावा, फ्लॅट नंबर नको, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत. सापडलेली अळी काचेच्या बाटलीत सभेच्या टेबलावर ठेवा, झाकण मात्र घट्ट! शहराच्या इशाऱ्यापेक्षा आपल्या जिन्यातली अळी लवकर पटते. टाक्यांची झाकणं बदला, ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बांधा.

सिडकोकर
बाकी जमेल. टायर कुणाचे, हेच कुणी कबूल करत नाही.

धुरंधर
भोकं पाडा. मालक आपोआप खाली येईल.