फ्लॅट बघायलाच कुणी येत नाही

सी-६०१ काका: नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरं विकली-घेतली आहेत म्हणून इथेच विचारतो. आमचा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढून ११ आठवडे झाले. हिच्या गुडघ्यांमुळे आम्ही आता तळमजल्यावर भाड्याने राहतो, वरचं घर बंद आहे. आजवर २ पार्ट्या बघून गेल्या, बस्स. एजंटला फोन केला की "सध्या मार्केट थंड आहे काका" एवढंच उत्तर. एजंट बदलावा का? रोज सकाळी वर जाऊन खिडक्या उघडून येतो. बंद घर बघवत नाही.

डी-५०२ भाऊ: बदलाच काका. ११ आठवडे म्हणजे खूप झाले.

बी-३०२ दादा: किंमत उतरवा, रांग लागेल.

ए-१०४ ताई: काका, यातलं इतक्यात काहीच करू नका. बाबांचं घर विकताना मी हे दोन्ही केलं होतं. आधी एजंट बदलला, मग किंमत उतरवली, आणि ५ महिन्यांनी कळलं की जाहिरातीत एक बेडरूम कमी लिहिली होती. ३ बेडरूमचं घर शोधणाऱ्या माणसाला आमचं घर दिसतच नव्हतं! तो आकडा मी स्वतः एकदाही तपासला नव्हता, याची हळहळ अजून आहे.

ए-१०४ ताई: म्हणून आधी गाडी नेमकी कुठे अडतेय ते शोधा. एजंटला आजच ३ आकडे विचारा. जाहिरात किती जणांनी उघडली, किती फोन-मेसेज आले, आणि त्यातल्या किती जणांना घर बघायची वेळ दिली. जाहिरात किती वेळा उघडली गेली हे बऱ्याच पोर्टलवर जाहिरात टाकणाऱ्याला दिसतं, त्यामुळे "माहीत नाही" हे उत्तर घेऊ नका. कुणी उघडतच नसेल तर किंमत, पहिला फोटो किंवा भरलेली माहिती बघायची. उघडतात पण फोन करत नाहीत, तर आतले फोटो आणि वर्णन. फोन येतात पण दारापर्यंत कुणी पोचत नाही, तर फोन उचलणारा माणूस नाहीतर चावी. घर बघून लोक परत फिरतात हे दुखणं वेगळं, तुमचं अजून तिथवर आलेलंच नाही.

सी-६०१ काका: आकडे कधी विचारले नाहीत. मागितले तर तो दुखावणार नाही ना?

ए-१०४ ताई: घर तुमचं आहे काका. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी हिशोब मागणं यात वावगं काहीच नाही. काम करणाऱ्या एजंटला उलट बरं वाटतं, किंमतीबद्दल बोलायला त्याच्या हातात काहीतरी असतं.

ई-४०१ वहिनी: काका, आम्ही स्वतः २ महिने घर शोधतोय आणि तुमचा फ्लॅट विकायला आहे हे मला आत्ता या ग्रुपवर कळतंय! थांबा, पोर्टलवर शोधते.

ई-४०१ वहिनी: सापडला, पण किंमतीची मर्यादा मुद्दाम वाढवली तेव्हा. कारण सांगते. शोधताना आपण "इतक्यापर्यंत" अशी मर्यादा घालतो आणि ती मर्यादा बहुतेक गोल आकड्यात असते. तुमची किंमत त्या गोल आकड्याच्या जराशी वर आहे, त्यामुळे आमच्या यादीत ती येतच नव्हती. तेवढे जास्त आम्ही सहज दिले असते, पण घर दिसलं तर ना. दुसरं म्हणजे मजला "तळमजला" असा पडलाय! आणि फोटो ४. पहिला पार्किंगचा, दोन बाथरूमचे, एक हॉलचा, तोही पडदे लावून, मोबाईल उभा धरून काढलेला. बाल्कनीतून दिसणारी झाडं कुठेच नाहीत. मी असे फोटो बघितले की पुढेच सरकते, आत काहीतरी लपवताहेत असं वाटतं.

सी-६०१ काका: मी त्याला पत्रव्यवहारासाठी खालच्या घराचा पत्ता दिला होता. त्याने तोच मजला टाकला असावा. किंमत मीच वाढवून सांगितली. लोक घासाघीस करणारच, म्हणून थोडी जागा ठेवली.

ए-१०४ ताई: घासाघिशीसाठी ठेवलेल्या त्या जागेनेच गिऱ्हाईक बाहेर राहिलं. बरोबर गोल आकड्यावर या. म्हणजे "इथपर्यंत" शोधणाऱ्यालाही दिसेल आणि "इथून पुढे" शोधणाऱ्यालाही. आणि उतरायचं तर एकदाच उतरा. दर पंधरवड्याला थोडं थोडं कमी केलं की लोक थांबून राहतात, अजून खाली येईल म्हणून. त्याआधी आपल्याच आकाराची घरं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते एजंटकडून कागदावर घ्या. शेजाऱ्याने जाहिरातीत काय लावलंय ती त्याची इच्छा झाली. काका, एक विचारू? एजंट निवडताना सगळ्यात जास्त किंमत सांगणाराच निवडला होता का?

सी-६०१ काका: हो. तिघांना विचारलं होतं.

ए-१०४ ताई: काही जण काम मिळवण्यासाठी आकडा फुगवून सांगतात. मग नव्या जाहिरातीकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते पहिले आठवडे फुकट जातात. ज्यांनी शोध साठवून ठेवलेला असतो त्यांना नवं घर आल्याची सूचना तेव्हाच जाते.

सेक्रेटरी: काका, मध्ये बोलतो. आत्ता गेटवरचं रजिस्टर बघून आलो. गेल्या २ महिन्यांत सी-६०१ बघायला म्हणून ३ वेळा माणसं आली आणि गेटवरूनच परत गेली. तिन्ही वेळा दुपारी २ ते ४ च्या मधे. गार्डने सहाव्या मजल्यावर इंटरकॉम केला, कुणी उचलला नाही, म्हणून "घरी कोणी नाही" सांगून पाठवलं. तुमचा खालचा नंबर गेटवर नोंदवायचा राहून गेला, ही चूक कमिटीची. आत्ता बदलून घेतला.

सी-६०१ काका: अरे देवा. दुपारी २ ते ५ मी मोबाईलही बंद ठेवतो, आम्ही दोघं आडवे होतो. चावी माझ्याचकडे. मी समोर असल्याशिवाय दाखवू नका असं एजंटला मीच बजावलं होतं.

ए-१०४ ताई: तुमची काळजी समजते काका, इतक्या वर्षांचं घर आहे. पण मालक समोर उभा असला की माणूस मोकळेपणाने बोलत नाही. नळ सोडून बघायलाही संकोचतो. बंद घर आहे, आत मौल्यवान काही नाही. दुसरी चावी सेक्रेटरींकडे ठेवा, कोण आलं, किती वाजता, त्याची वही ठेवा. बायको-मुलांसकट घर बघायला लोकांना सुट्टीचा दिवस किंवा संध्याकाळच सोयीची असते, तेव्हा नाही म्हणू नका.

सेक्रेटरी: चावी ठेवायला माझी हरकत नाही.

डी-५०२ भाऊ: मी तरी म्हणेन बदला. तिन्ही वेळा एजंटने काकांना नंतर कळवायला नको होतं?

ई-४०१ वहिनी: त्याला जोडून सांगते. मघाशी जाहिरातीतल्या नंबरवर नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकून ३ तास झाले, उत्तर नाही.

ए-१०४ ताई: हे मात्र त्याचंच. काका, समोरासमोर बसा आणि लिहून द्या. मजला दुरुस्त, फोटो नवे, फोनला त्याच दिवशी उत्तर, आठवड्याचा हिशोब. २ आठवड्यांची मुदत. आणखी एक विचारा, दुसरे एजंट पार्टी आणतात तेव्हा हा दाद देतो का? दोन्हीकडची दलाली आपल्यालाच मिळावी म्हणून काही जण घर दाबून ठेवतात. ते मी माफ करणार नाही.

बी-३०२ दादा: सरळ ५ एजंटांना देऊन टाकलं तर?

ए-१०४ ताई: नको. एकच घर ५ ठिकाणी ५ किमतींनी दिसतं. घेणाऱ्याला वाटतं मालक अडचणीत आहे, आणि बोलणी सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू होतात. बदलायचं झालंच तर आधी करार वाचा. काम एकट्यालाच दिलंय का, मुदत कधी संपते, नोटीस किती दिवसांची. त्याने घर दाखवलेल्या माणसाने मुदतीनंतर घेतलं तरी दलाली द्यावी लागेल असं कलम बऱ्याचदा असतं. असेल तर त्या माणसांची नावं त्याच्याकडून लेखी घ्या, नाहीतर दोनदा दलाली भराल.

सी-६०१ काका: कागद काढला. काम एकट्यालाच दिलंय. मुदत ३ आठवड्यांनी संपते. कलमही आहे, मुदतीनंतर ६० दिवस.

बी-३०२ दादा: काका, माघार घेतो, किंमतीचं मी घाईत बोललो. माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. तुमच्या हॉलमध्ये ऊन कधी येतं?

सी-६०१ काका: सकाळी ९ नंतर. १० वाजता बाल्कनीपर्यंत भरतं.

बी-३०२ दादा: उद्या १० ला येतो. पडदे काढून ठेवा, सगळे दिवे चालू आहेत का बघा. फोटो आडवेच काढू, पहिला बाल्कनीचा.

ई-४०१ वहिनी: काका, आम्हालाही बघायचंय. करारामुळे तुमची अडचण नको, एजंटमार्फतच वेळ मागते. त्याने फोन उचलला तर.

सी-६०१ काका: त्याला मीच आत्ता फोन करतो. सेक्रेटरी, चावी घेऊन ५ मिनिटांत येतो.