पेशी स्वतःहून मरते म्हणजे काय? आणि गँगरीन पण तेच का?

रामबागकर_इंदूर
नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला, नीटची तयारी चाललीये, काल जेवताना म्हणे बाबा पेशी आत्महत्या करतात, गर्भात बोटांच्या मधली कातडी अशीच जाते, बेडकाच्या पिल्लाचं शेपूट पण. मी कॉमर्सवाला, हो हो म्हणून पोळी खाल्ली. पण पेशीला सांगतं कोण की बाई आता तू जा? आणि आमच्या मामांचा अंगठा शुगरमुळे काळा पडला, शेवटी काढावा लागला, ते पण हेच का? सोप्या भाषेत सांगा भिया, घरात इज्जतीचा सवाल आहे.

स्लाइडवाली
दादा, मामांचं गँगरीन वेगळं. तिथे रक्तच पोचलं नाही, पेशी उपाशी मेल्या, अशी पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. नेक्रोसिस म्हणतात. मुलगी सांगतेय तो अपोप्टोसिस, त्यात पेशी उलट आक्रसते, स्वतःच्या डीएनएचे तुकडे करते, पुड्या बांधून ठेवते आणि शेजारच्या पेशी नाहीतर मॅक्रोफेज (शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी) त्या गिळून टाकतात.
मी लॅबमध्ये आहे, हिपॅटायटिसच्या लिव्हर बायोप्सीत हे दिसतं. सगळ्या पेशी फिकट गुलाबी आणि मधेच एकटी गडद गुलाबी, गोल, भोवती बारीक फट, न्यूक्लियसच्या जागी दोन-तीन काळे ठिपके. मला तरी बघायला आवडतं, काय करणार 😄 जॉन केर यांनी असल्याच पेशी उंदराच्या लिव्हरमध्ये पाहिल्या, मग १९७२ मध्ये वायली आणि करी यांच्यासोबत पेपर लिहून अपोप्टोसिस हे नाव दिलं.

जुना_मास्तर
ताईंचं बरोबर, पण "सांगतं कोण" ते राहिलं. बाहेरून हुकूम येतो कधीकधी, शेपटाच्या बाबतीत थायरॉइडचा हार्मोन, व्हायरस लागलेल्या पेशीला किलर टी सेल, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी. पण मुळात मरायचं सामान जवळजवळ प्रत्येक पेशीत आधीच भरलेलं असतं, कॅस्पेज नावाची एन्झाइम्स, फक्त बंद अवस्थेत. आजूबाजूच्या पेशींकडून "राहा" असे सिग्नल येत राहतात म्हणून ती बंद राहतात. सिग्नल थांबले किंवा डीएनए फार बिघडला की मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांना) भोकं पडतात, त्यातलं सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं, कॅस्पेज चालू होतात, मग सहसा मागे फिरणं नाही.
सी. एलिगन्स नावाची एक मिलिमीटरची अळी आहे. वाढताना तिच्या १०९० पेशी बनतात, त्यातल्या १३१ मरतात, दर अळीत त्याच. सेड-३ हा जीन बिघडवला तर त्या मरतच नाहीत, आणि अळी तरीही मजेत जगते! ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं त्यात हे काम होतं.

रामबागकर_इंदूर
सर म्हणजे मरायला नाही, जगायलाच परवानगी लागते? मग कॅन्सरच्या पेशीला कोण परवानगी देतं?

जुना_मास्तर
ती स्वतःच घेते. पी५३ नावाचं डीएनएवर नजर ठेवणारं प्रोटीन बिघडलं की डीएनए खराब असूनही मरायची वेळ आली हे कळतच नाही.

स्लाइडवाली
आणि काही लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) बीसीएल-२ नावाचं प्रोटीन भरमसाट बनतं, ते मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडूच देत नाही. यावरच व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आहे, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली, बीसीएल-२ ला अडवते, बाकी काम पेशी स्वतः करते. गंमत म्हणजे (पेशंटला अजिबात गंमत नाही) ब्लड कॅन्सरच्या पेशी एकदम इतक्या मरू शकतात की पोटॅशियम, युरिक ॲसिड वाढून किडनी आणि हार्ट धोक्यात येतं. म्हणून सीएलएल या ब्लड कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात आणि मधे मधे रक्त तपासत राहतात.