सौर यंत्रणेची उरलेली वीज पाणी तापवण्यासाठी वापरणे परवडेल का?

प्रश्न : सातारकर
आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटची, ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा असून महावितरणचे नेट मीटर बसवलेले आहे. दिवसा घरी कोणी नसल्याने बरीचशी वीज बाहेर जाते आणि मार्चअखेर काही युनिट शिल्लक राहतात. अंघोळीसाठी मात्र २५ लिटरचा गिझर पहाटे चालवावा लागतो. उरलेली वीज आपोआप पाण्याच्या टाकीकडे वळवणारी ‘डायव्हर्टर’ नावाची उपकरणे परदेशात वापरतात, असे वाचनात आले. तसे उपकरण येथे बसवावे का, की दुपारी टायमरवर गिझर लावणे पुरेसे आहे?

उत्तर : मीटरवाचक
आपल्या बाबतीत दोन्हींची गरज दिसत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारी बाहेर दिलेले युनिट पहाटे घेतलेल्या युनिटातून वजा होते, त्यामुळे गिझर दुपारी चालवल्याने बिल कमी होत नाही; उलट, दुपारी तापवलेले पाणी पहाटेपर्यंत थोडे निवते आणि तेवढी वीज वाया जाते. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे ओढले जातात आणि ३१ मार्चला जे उरतील, त्यांचेच पैसे घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. म्हणून जानेवारीच्या बिलातील शिल्लक पाहावी आणि ती भरपूर असेल तर उरलेले दोन महिने गिझर किंवा इंडक्शन शेगडी वापरताना हात आखडता घेऊ नये. ज्यांच्या युनिटांचे समायोजन वेळेनुसार होते, म्हणजे दुपारचे युनिट पहाटेच्या वापरातून वजा होत नाही, किंवा ज्यांना वीज बाहेर देताच येत नाही, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

उत्तर : निवृत्त अभियंता
वरील मताशी सहमत आहे, परंतु टाकीच्या आकाराचा मुद्दा राहून गेला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. त्या हिशेबाने २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास जेमतेम एक युनिट पुरते, आणि आपली यंत्रणा स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण १२ युनिट देते. म्हणजे उपकरण कितीही हुशार असले तरी उरलेली वीज साठवायला आपल्या गिझरमध्ये जागाच नाही. २०० लिटरची, चांगले उष्णतारोधक आवरण असलेली टाकी असती, तर तिने आठ युनिट सहज सामावून घेतले असते. पण चार माणसांच्या घराला एवढे गरम पाणी रोज लागते का, हा प्रश्न उरतोच. नवीन खरेदीच करायची असेल तर हीट पंपाचा विचार करावा, कारण तो हवेतील उष्णता ओढून घेत असल्याने एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला देतो.

उत्तर : लेस्टरचा रहिवासी
इंग्लंडमध्ये डायव्हर्टर का रुजला, ते सांगतो. येथील अनेक घरांत दीडशे-दोनशे लिटरची टाकी आणि तिच्यात ३ किलोवॅटची कॉइल आधीपासूनच असते. मीटरजवळच्या वायरीभोवती बसवलेला सेन्सर किती वीज बाहेर चालली आहे ते मोजतो आणि तेवढीच वीज कॉइलकडे वळवली जाते. ढग आला की कॉइलची वीज आपोआप कमी होते. तुमच्याकडील साधा टायमर हे करू शकत नाही, तो ढगातही पूर्ण २ किलोवॅट ओढतो. मात्र येथे युनिटास युनिट अशी वजावट नाही, आणि बाहेर दिलेल्या विजेचा दर विकत घेतलेल्या विजेपेक्षा सहसा कमी असतो, म्हणून हा खटाटोप. त्यातही ज्यांच्याकडे गॅसचा बॉयलर आहे आणि ज्यांना विजेचा विक्रीदर गॅसच्या दरापेक्षा जास्त मिळतो, त्यांनी वीज विकून गॅसवर पाणी तापवणेच फायद्याचे ठरते.

प्रतिसाद : सातारकर
सर्वांचे आभार. डायव्हर्टरचा विचार सोडून दिला आहे. गच्चीवर २०० लिटरचा, नळ्यांचा जुना सोलर वॉटर हीटर आहे आणि त्यात वीजकॉइलची सोय आहे. पावसाळ्यात तो थंडावतो. दोन जादा पॅनेल घेऊन त्यांच्या तारा थेट त्या कॉइलला जोडल्या तर चालेल का?

उत्तर : निवृत्त अभियंता
कृपया तसे करू नये. पॅनेलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज येते, तर त्या टाकीतील थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापले की संपर्क उघडून वीज तोडणारा स्विच) एसीसाठी, म्हणजे घरातल्या दिशा बदलत्या विजेसाठी बनवलेला असतो. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने संपर्क उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये ती तशीच जळत राहू शकते, संपर्क वितळून चिकटतात आणि पाणी उकळू लागले तरी वीज बंद होत नाही. शिवाय पावसाळ्यात त्या दोन पॅनेलांकडूनही फारसे काही मिळणार नाही. कॉइल घरातील एसी विजेवरच, स्वतंत्र एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग देऊन चालवावी. एप्रिल-मे महिन्यांत जमलेले युनिट तेव्हा आपल्या खात्यावर असतातच, ते तिथे खर्चावेत. बोअरचे पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा थर बसतो, म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी ती काढून साफ करून घ्यावी.