मदत हवी आहे: लेक सिक्स-मॅन फुटबॉल खेळतोय, खाणं आणि डोक्याचा मार

नमस्कार. आम्ही पश्चिम टेक्सासमधल्या एका छोट्या गावात राहतो. हायस्कूल इतकं लहान की अकरा जणांचा संघ होतच नाही, म्हणून इथे सहा जणांचा अमेरिकन फुटबॉल. मैदान 80 यार्डांचं, फर्स्ट डाउनला (म्हणजे चेंडू आपल्याकडेच राखण्यासाठी चार प्रयत्नांत पुढे जायचं अंतर) 10 ऐवजी 15 यार्ड, आणि मध्यंतराला किंवा त्यानंतर 45 गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानावर असतं.

लेक नववीत, पहिलाच सीझन. पोरं मोजकीच, त्यामुळे चढाईतही तोच आणि बचावातही तोच. ऑगस्टच्या उन्हात सराव करून येतो तेव्हा जेवायचंही त्राण नसतं. आम्ही शाकाहारी, पनीर पराठा, उसळ, डाळ-भात, ताक एवढं पुरेल का? सामन्याच्या दिवशी तुम्ही काय आणि किती आधी देता?

दुसरी काळजी जास्त मोठी. कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची) शंका आली तर त्या दिवशी खेळू देत नाहीत, नंतर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. पण संघ अडेल म्हणून हा दुखणं लपवेल, अशी धास्ती वाटते. या गावात तो पहिल्यांदाच रमलाय, खेळ बंद करायचा नाहीये. ज्यांची मुलं खेळलीत, तुम्ही घरी नेमकं काय बघत होतात? त्याच्याशी कसं बोललात?