युद्धावरून थेट घरी, की वाटेत मुक्काम?

कृष्णाकाठ:
अफगाणिस्तानातल्या हेलमंडमधून परतणाऱ्या तुकड्यांना ब्रिटिश सैन्य थेट घरी सोडत नसे. वाटेत सायप्रसच्या तळावर दिवस-दीड दिवस थांबवत. समुद्रात पोहणं, स्वच्छ कपडे, मोजकी बिअर, आणि घरी गेल्यावर झोप, राग, दारू यांचं काय होऊ शकतं यावर एक बैठक. कॅनडाने 2002 मध्ये कंदाहारहून येणाऱ्यांना ग्वाम बेटावर थांबवलं, पुढे सायप्रसला. फ्रान्सनेही 2009 पासून तिथेच, पाफोसच्या हॉटेलात, तीन दिवसांचा मुक्काम सुरू केला.

माझ्या मते हा मुक्काम हवाच. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक सैनिक आठवडेच्या आठवडे बोटीत होते, तेही ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले त्यांच्याच सोबत. व्हिएतनाममध्ये ज्याची त्याची मुदत संपली की तो अमेरिकन सैनिक एकटाच विमानात बसायचा आणि एक-दोन दिवसांत आपल्या गल्लीत. मेलेल्या मित्राबद्दल त्याने बोलायचं कुणाशी?

रानजाई:
माझा विरोध आहे. नवरा फौजेत आहे, म्हणून बोलते. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर आणखी दोन दिवस कशाला? आणि सगळी तयारी त्याचीच का? इकडे पोरगं बोलायला लागलेलं असतं, बँकेपासून सासूबाईंच्या औषधांपर्यंत सगळं माझ्या हातात आलेलं असतं. तो येऊन पुन्हा हुकूम सोडायला लागला की भांडण ठरलेलं. बैठक घ्यायचीच तर आम्हालाही बोलवा.

माजी हवालदार:
ताई, घरच्यांना बोलवायलाच हवं, शंभर टक्के. पण मुक्काम नको म्हणू नका. आपल्याकडे जवान रजेवर बहुतेक एकटाच निघतो. ट्रान्झिट कॅम्प, मग रेल्वे, मग एसटी. ट्रान्झिट कॅम्पात थांबणं होतं, पण ते गाडीची वाट पाहणं असतं. घरी पहिले काही दिवस मला दाराकडे पाठ करून जेवता येत नसे. असं होतं आणि ते ओसरतं, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर बायको घाबरली नसती.

पुरावा दाखवा:
भावना समजते. पण लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटिश सैनिकांचा अभ्यास केला तेव्हा फायदा दिसला तो मुख्यतः कमी किंवा मध्यम लढाई पाहिलेल्यांत. ज्यांनी सर्वांत जास्त पाहिलं, त्यांना दीड दिवस पुरला नाही. तो पैसा वर्षभराच्या उपचारांना द्या.

कृष्णाकाठ:
मग त्यांचा मुक्काम वाढवा, रद्द कशाला? त्याच संशोधकांना असंही आढळलं की सुरुवातीला कुरकुरणाऱ्या बहुतेकांना नंतर मुक्काम उपयोगी वाटला. उपचार हवेतच, पण डॉक्टरकडे जायची वेळ आलीय हे ओळखायला कुणीतरी आधी शिकवायला नको का?

माजी हवालदार:
वाढवायचा तर अख्ख्या पलटणीचा वाढवा. चौघांनाच मागे ठेवलंत तर त्यांच्यावर कायमचा शिक्का बसेल, आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.