‘बहुप्रतीक्षित अल्बम’: वाट, आस की उत्कंठा?

अनुस्वार
टूल या अमेरिकी बँडवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करायचं आहे. ‘१०,००० डेज’ २ मे २००६ला आला आणि त्यापुढचा ‘फिअर इनॉक्युलम’ थेट ३० ऑगस्ट २०१९ला. लेख आहे तो मधल्या तेरा वर्षांत चाहत्यांचं काय झालं त्यावर. मसुद्यात ‘बहुप्रतीक्षित ध्वनिमुद्रिका’ लिहिलं होतं. तपासताना दोन्ही शब्दांवर फुली आली: पहिला हिंदी, दुसरा चुकीचा. मग काय लिहायचं?

रफार
‘बहुप्रतीक्षित’ला हिंदी म्हणणं बरोबर नाही. प्रति + ईक्ष्, त्यापासून प्रतीक्षित. संस्कृत नियमात चोख बसतो. याच ईक्ष् धातूची अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, समीक्षा ही सगळी भावंडं आहेत. अडचण निराळी आहे. मराठीत ‘प्रतीक्षा’ला कचेरीचा वास येतो: प्रतीक्षालय, प्रतीक्षा यादी. तिथे माणूस नुसता बसलेला असतो. चाहता मान उंच करून बघत असतो, म्हणून ‘उत्कंठा’. उद् + कंठ, मान वर झालेली.

सातमात्रा
उत्कंठा तेरा वर्षं टिकत नाही. ती शेवटच्या काही आठवड्यांची असते. इथे तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. तारीख नाही, नाव नाही, गाणं नाही, तेव्हा असते ती ‘आस’. मे २०१९मध्ये टूलने मैफलीत ‘डिसेंडिंग’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ ही दोन नवी गाणी वाजवली आणि लगेच ७ मे रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पडद्यावर ३० ऑगस्ट ही तारीख झळकवली. तिथून पुढे ‘वाट पाहणं’, कारण आता दिसायला वाट आहे. ७ ऑगस्टला दहा मिनिटांहून लांब असलेलं शीर्षकगीत आलं, तिथून पुढे ‘उत्कंठा’. एकच शब्द तिन्हीकडे वापरलात तर लेखाचा जीवच जाईल.

ओवीकर
आस आणि वाट इतक्या काटेकोर वेगळ्या करता येणार नाहीत. तुकोबांच्या ‘भेटीलागी जीवा’मध्ये दोन्ही पहिल्याच चरणात एकत्र आहेत. दिवाळीच्या मुळाची वाट पाहणारी लेकही तिथलीच. ‘मूळ’ म्हणजे माहेराहून न्यायला येणारं बोलावणं. अल्बमच्या आधी सुटं गाणं येतं त्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही.

हलन्त
मूळ म्हटलं की आजच्या वाचकाला मुळाक्षर आठवेल, नाहीतर झाडाचं मूळ. आधी येणाऱ्या गाण्याला ‘चाहूल’ म्हणा. आणि या बँडसाठी ‘हूल’ही लागेलच. २००१मध्ये ‘लॅटरलस’ या अल्बमच्या आधी त्यांनी ‘सिस्टेमा एन्सेफाल’ असं खोटं नाव आणि बारा गाण्यांची खोटी यादी जाहीर केली होती. ते दिवस नॅपस्टरचे, म्हणजे इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घेण्याचे. अल्बम वेळेआधी फुटू नये म्हणून ही हूल. ‘लीक’ला ‘फुटणे’च लिहा, पेपर फुटतो तसा. ‘गळती’ नको, ती नळाची. माझा असाही अंदाज आहे की चाहूल म्हणजे चाल + हूल.

रफार
चाहूल खरी असते, हूल फसवी. नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नका.

हलन्त
अर्थ बदलले म्हणून नातं तुटत नाही. वाट पाहणे आणि वाट लागणे यांतली वाट एकच आहे.

तबकडी_३३
‘ध्वनिमुद्रिका’वरची फुली योग्य. ध्वनिमुद्रिका म्हणजे तबकडी, ध्वनिफीत म्हणजे कॅसेट. दोन्ही वस्तूंची नावं. ‘अल्बम’ही आधी वस्तूच होता. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. लांब रचनेला चार-पाच तबकड्या लागत आणि त्या कागदी पाकिटांच्या बाडात यायच्या, फोटोंच्या अल्बमसारख्या. १९४८मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, बाड गेलं, नाव राहिलं.
‘फिअर इनॉक्युलम’चंच बघा. सीडीवर सात गाणी, ७९ मिनिटं, कारण सीडीची मर्यादाच ८० मिनिटांच्या आसपास. डिजिटल आवृत्तीत दहा, ८६ मिनिटांहून जास्त. तीन छोटे तुकडे सीडीतून वगळले. २०२२मध्ये १८० ग्रॅमच्या पाच तबकड्यांचा संच आला. प्रत्येकीची एकच बाजू वाजते, दुसरीवर चित्र कोरलेलं. एलपीच्या एका बाजूवर साधारण २२ मिनिटांपेक्षा जास्त कोंबलं की चरे जवळ येतात, आवाज खाली ठेवावा लागतो आणि खर्ज दुबळा होतो. तर यातल्या कशाला ध्वनिमुद्रिका म्हणणार? ‘अल्बम’च राहू द्या.
क्रियापदही जपा. ‘प्रदर्शित’ सिनेमासाठी, ‘प्रकाशित’ पुस्तकासाठी. रेकॉर्ड, कॅसेट, दिवाळी अंक ‘निघतात’. अल्बम निघाला.

ओवीकर
पुस्तकासारखंच सीडीचंही प्रकाशन होतं, पाहुणे बोलावून. ‘निघाला’ म्हटलं की घरातून निघाला असंही वाटतं.

अनुस्वार
अल्बम मान्य. ‘फिअर इनॉक्युलम’ या नावाचाही अर्थ द्यायचा आहे. ‘भयाची लस’ चालेल का?

सातमात्रा
नाही. लस टोचणं म्हणजे इनॉक्युलेशन. इनॉक्युलम म्हणजे जे सूक्ष्मजीव आत सोडतात तेच. मराठी घरात त्याला ‘विरजण’ म्हणतात.

रफार
‘भयाचं विरजण’? उत्साहावर विरजण पडतं ते आधी आठवेल. अर्थ पुरता उलटेल.

सातमात्रा
दुधात ते पडतं म्हणून दही लागतं. अर्धा लिटर कोमट दुधाला चमचाभर पुरे. दूध कढत असेल तर जिवाणू मरतात, गार असेल तर वाढत नाहीत. थोडंसं आत सोडा, ते सगळं बदलून टाकतं: नावाचा अर्थ हाच आहे.

ओवीकर
चमचाभर उन्हाळ्यात. थंडीत दोन, आणि भांडं गुंडाळून ठेवायचं. नाहीतर आदमुरं राहतं.

हलन्त
आदमुरं म्हणजे अर्धं मुरलेलं ना? मग तेरा वर्षं ‘मुरलेला’ अल्बम का नको?

तबकडी_३३
मुरतं लोणचं. दही लागतं.

हलन्त
मग त्याच दह्याला आदमुरं का म्हणतात?